मौलाना अबुल कलाम आझाद (रह.) : श्रद्धा आणि देश यांची सांगड

९ ऑगस्ट १९४२ चा तो रविवार होता. आदल्या रात्री मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर इंग्रजांनी हा देश सोडून जावे, असा ठराव काँग्रेस महासमितीने मंजूर केला होता. पहाट होण्यापूर्वीच पोलीस नेत्यांच्या दारी उभे राहिले. बोरीबंदर स्थानकातून एक खास आगगाडी सुटली आणि घाट चढून पुण्याच्या दिशेने निघाली. मोरया गोसावींच्या समाधीमुळे ओळखल्या जाणाऱ्या चिंचवड या तेव्हाच्या लहानशा गावी ती थांबविण्यात आली. महात्मा गांधी, सरोजिनी नायडू, मीराबेन आणि महादेवभाई देसाई यांना तेथे उतरवून मोटारीने आगाखान राजवाड्यात नेण्यात आले. उरलेले नेते त्याच गाडीने पुढे अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, पोहोचविण्यात आले. त्यांच्यामध्ये काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष होते. ते धर्माचे गाढे विद्वान आणि दिव्य कुरआनचे भाष्यकार होते. त्यांचे नाव मौलाना अबुल कलाम आझाद.

आज पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांमध्ये मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेले हजारो श्रमिक काम करतात. त्यांत मुस्लिम कुटुंबांची संख्याही मोठी आहे. त्यांच्यापैकी अनेकजण रोज चिंचवडच्या फलाटावरून लोकल गाडी पकडतात. परंतु देशाच्या इतिहासातील एका महत्त्वाच्या प्रवासाची वाट याच फलाटावरून गेली होती, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्या गाडीतील मौलाना कोण होते, त्यांनी काय सोसले आणि आपल्यासाठी कोणता वारसा मागे ठेवला, हे प्रत्येक मुस्लिम घरात माहीत असावयास हवे.

जन्म आणि शिक्षण

मौलानांचा जन्म ११ नोव्हेंबर १८८८ रोजी पवित्र मक्का नगरीत झाला. त्यांचे मूळ नाव मुहियुद्दीन अहमद. वडील मौलाना खैरुद्दीन हे मोठे आलिम होते आणि त्यांच्या अनुयायांचा परिवार विशाल होता. आई अरब कुटुंबातील असल्यामुळे घरात अरबी भाषेचा वावर होता. मौलानांच्या बालपणीच हे कुटुंब कलकत्त्यास येऊन स्थायिक झाले आणि तेथे काही काळातच आईचे छत्र हरपले.

वडिलांचा आधुनिक शाळांवर विश्वास नव्हता. मुलाचे संपूर्ण शिक्षण घरीच झाले. अरबी, फारसी, तर्कशास्त्र, फिक्ह, हदीस आणि तत्त्वज्ञान यांचा जो अभ्यास पुरा करण्यास इतरांना पंचविशी गाठावी लागे, तो त्यांनी सोळाव्या वर्षाच्या आसपास संपविला. त्याच काळात सर सय्यद अहमद खान यांचे लेखन वाचनात आले आणि नव्या विद्येची ओढ लागली. शब्दकोशाच्या साहाय्याने ते स्वतःच इंग्रजी शिकले. वारशाने मिळालेल्या समजुती तपासून न पाहता स्वीकारणे त्यांच्या मनाला पटेना. काही वर्षे ते संशयाच्या वावटळीत सापडले. याच अवस्थेत त्यांनी ‘आझाद’ हे टोपणनाव घेतले. पुढे ते पुन्हा श्रद्धेकडे वळले. ही श्रद्धा त्यांनी स्वतः शोधून कमावली होती आणि म्हणूनच ती आयुष्यभर डळमळली नाही.

अवघ्या पंधराव्या वर्षी, १९०३ मध्ये, त्यांनी ‘लिसानुस्सिद्क’ हे मासिक सुरू केले. मुंबईत मौलाना शिबली नोमानी यांची प्रथम भेट झाली, तेव्हा समोर उभा असलेला हा मुलगाच अबुल कलाम आहे, यावर शिबलींचा विश्वास बसला नव्हता. लेखांच्या प्रौढतेवरून त्यांनी वयस्क विद्वानाची कल्पना केली होती.

फाळलेला बंगाल आणि फाळलेली मने

१९०५ मध्ये लॉर्ड कर्झनने बंगालची फाळणी केली. राज्यकारभाराची सोय हे त्याचे सांगितलेले कारण होते, परंतु हिंदू आणि मुस्लिम यांच्यामध्ये अंतर वाढविणे हा त्याचा परिणाम होता. १९०९ च्या कायद्याने मुस्लिमांसाठी स्वतंत्र मतदारसंघ आले. परकीय राज्यकर्ता एका समूहाला जवळ करतो, दुसऱ्याला दूर लोटतो, उद्या त्याच्या उलट करतो आणि दोघेही आपल्या भल्यासाठी त्याच्याच दाराशी उभे राहतात, हे वसाहतीच्या राजवटीचे जुने तंत्र आहे. आयर्लंड, सायप्रस, पॅलेस्टाइन येथेही जगाने ते पाहिले आहे.

तरुण अबुल कलाम यांनी हे तंत्र लवकर ओळखले. बंगालच्या क्रांतिकारकांशी त्यांचा संबंध आला, तेव्हा त्यांना दिसले की हे क्रांतिकारक मुस्लिमांकडे संशयाने पाहतात आणि सर्वच मुस्लिम इंग्रजांच्या बाजूचे आहेत असे मानतात. हा समज चुकीचा असल्याचे त्यांनी आपल्या आचरणातून दाखवून दिले. दुसऱ्या बाजूला स्वतःच्या समाजाला इंग्रजांच्या आश्रयाची जी सवय लागली होती, ती मोडण्याचे कामही त्यांनी हाती घेतले.

१३ जुलै १९१२ रोजी कलकत्त्यातून ‘अल-हिलाल’ हे साप्ताहिक निघाले. उर्दू पत्रकारितेत असा ओजस्वी आवाज पूर्वी ऐकू आला नव्हता. गुलामीवर समाधान मानणे हे मुस्लिमाच्या श्रद्धेशी विसंगत आहे आणि देशाच्या मुक्तीसाठी झटणे हे त्याचे धार्मिक कर्तव्य आहे, हा त्याचा गाभा होता. सरकारने प्रथम दोन हजार रुपयांचा जामीन मागितला व तो जप्त केला. नंतर दहा हजारांचा मागितला व तोही गेला. १९१४ च्या अखेरीस ‘अल-हिलाल’ बंद पडले. पुढच्या वर्षी त्यांनी ‘अल-बलाग’ सुरू केले. १९१६ मध्ये बंगाल सरकारने त्यांना प्रांतातून हद्दपार केले. इतर अनेक प्रांतांनी आधीच त्यांना प्रवेशबंदी केली होती. त्यामुळे ते रांचीला गेले आणि तेथे त्यांना नजरकैदेत ठेवण्यात आले.

रांचीतील वर्षे मौलानांनी वाया जाऊ दिली नाहीत. तेथील जामा मशिदीत ते शुक्रवारी प्रवचन देत. मुलांच्या शिक्षणासाठी त्यांनी १९१७ मध्ये मदरसा स्थापन केला आणि त्याच्या उभारणीस हिंदू बांधवांनीही हातभार लावला. कुरआनच्या भाषांतराचे व भाष्याचे कामही चालू होते. पोलिसांच्या झडत्यांमध्ये त्याची हस्तलिखिते वारंवार जप्त होऊन नष्ट झाली. ज्याने लिहिले आहे त्यालाच कळेल, हे दुःख काय असते! तरीही मौलाना पुन्हा पहिल्या ओळीपासून लिहावयास बसले.

कुरआनच्या प्रकाशात

‘तर्जुमानुल कुरआन’चा पहिला खंड १९३१ च्या सुमारास आणि दुसरा १९३६ मध्ये प्रसिद्ध झाला. सूरह फातिहाचे विवेचन हा या ग्रंथाचा आत्मा मानला जातो. अल्लाह हा केवळ एखाद्या वंशाचा वा देशाचा पालनकर्ता नसून सर्व विश्वांचा पालनकर्ता आहे, या पहिल्याच उद्घोषणेपासून मौलाना आपली मांडणी सुरू करतात. पालन, दया आणि न्याय या तीन ईश्वरी गुणांभोवती ते संपूर्ण सूरह उलगडून दाखवितात. ज्याचा ईश्वर सर्वांचे पालन करतो, त्याच्या भक्ताला कोणत्याही माणसाचा तिरस्कार करण्याचा अधिकार कसा उरेल, असा प्रश्न त्यातून वाचकाच्या मनात आपोआप उभा राहतो.

मौलानांच्या मते सर्व प्रेषितांनी आणलेला मूळ दीन एकच आहे. काळ व परिस्थितीनुसार शरीअत तेवढी वेगवेगळी राहिली. लोकांनी मूळ विसरून गट पाडले आणि गटालाच धर्म समजले. या प्रतिपादनावर काही आलिमांनी आक्षेप घेतला. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावरील श्रद्धेची आवश्यकता यामुळे उणावते की काय, अशी शंका त्यांनी व्यक्त केली. मौलानांनी खुलासा केला की सर्व प्रेषितांवर, आणि म्हणून अंतिम प्रेषितांवरही, श्रद्धा ठेवणे हा ईमानचा अविभाज्य भाग आहे. मतभेद झाले, पण ते विद्वत्तेच्या मर्यादेत झाले, हेही शिकण्यासारखे आहे.

राष्ट्राच्या प्रश्नावरही त्यांनी आधार शोधला तो प्रेषितांच्या चरित्रातच. हिजरतनंतर प्रेषितांनी (स.) मदीनेत मुस्लिम, यहुदी आणि इतर कबिल्यांशी करार केला. प्रत्येकाचा धर्म त्याच्यापाशी राहील, मात्र नगराचे रक्षण सर्वजण मिळून करतील, असे त्यात ठरले. १९२१ मध्ये आग्रा येथील खिलाफत परिषदेत मौलानांनी या कराराचा दाखला दिला आणि भारतातील हिंदू-मुस्लिम ऐक्य ही राजकीय सोय नसून त्याला सुन्नतचा आधार आहे, असे मांडले.

खिलाफत, तुरुंग आणि एक चूक

जानेवारी १९२० मध्ये दिल्लीत त्यांची गांधीजींशी भेट झाली आणि ही सोबत शेवटपर्यंत टिकली. खिलाफत आणि असहकार या दोन्ही चळवळींनी देश ढवळून निघाला. डिसेंबर १९२१ मध्ये त्यांना अटक झाली. न्यायालयात त्यांनी बचाव केला नाही. उलट, अन्यायी राजवटीविरुद्ध बोलणे हे मुस्लिम म्हणून आपले कर्तव्यच आहे, असे लेखी निवेदन देऊन त्यांनी आरोप मान्य केला. एक वर्षाची शिक्षा झाली.

थोर माणसांच्या चुका झाकून ठेवणे हा त्यांचा सन्मान नव्हे. १९२० मध्ये मौलानांनी हिजरतच्या बाजूने मत दिले होते. अशा आवाहनांवरून हजारो भोळ्या लोकांनी घरे-जमिनी विकून अफगाणिस्तानची वाट धरली. तेथे आसरा मिळाला नाही. अनेकजण वाटेत मरण पावले, तर उरलेले कंगाल होऊन परतले. १९२४ मध्ये तर खुद्द तुर्कांनीच खिलाफत संपुष्टात आणली. या अनुभवांनंतर मौलानांचे विचार अधिक स्थिर झाले. मुस्लिमांचे भवितव्य परदेशातील सिंहासनात नाही, ते याच मातीत, शेजाऱ्यांच्या सोबतीने घडवावे लागेल, ही त्यांची ठाम धारणा बनली.

१९२३ मध्ये दिल्लीच्या विशेष अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे चौतीस होते. १९४० मध्ये रामगढ येथे ते पुन्हा अध्यक्ष झाले. तेथील भाषणात त्यांनी सांगितले की, इस्लामच्या तेरा शतकांच्या वारशाचा कणभरही भाग सोडण्यास आपण तयार नाही, आणि त्याच अभिमानाने आपण भारतीय आहोत. या देशाची इमारत आपल्याविना अपुरी राहील. त्यानंतर काही दिवसांतच, २३ मार्चला, लाहोरमध्ये मुस्लिम लीगने मुस्लिमांसाठी वेगळ्या राज्यांची मागणी केली. एकाच आठवड्यात भारतीय मुस्लिमांसमोर दोन वाटा उभ्या राहिल्या. मौलानांनी निवडलेली वाट काट्यांची होती. स्वधर्मीयांचे टोमणे, अपमान आणि बहिष्कार त्यांच्या वाट्याला आले. त्यांनी उलट उत्तर देण्यात आपली जीभ विटाळली नाही.

अहमदनगरचा किल्ला

आता पुन्हा त्या आगगाडीकडे वळू. निजामशाहीने उभारलेला, चांदबीबीने शौर्याने लढविलेला आणि १८०३ मध्ये इंग्रजांच्या हाती पडलेला अहमदनगरचा भुईकोट किल्ला आता तुरुंग बनला होता. तेथे मौलानांसह पंडित नेहरू, सरदार पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, असफ अली, डॉ. सय्यद महमूद, पट्टाभि सीतारामय्या, प्रफुल्लचंद्र घोष, हरेकृष्ण महताब आणि आपल्या महाराष्ट्राचे शंकरराव देव असे बारा जण होते. नाना प्रांतांचे, नाना भाषांचे आणि वेगवेगळ्या धर्मश्रद्धांचे हे लोक जवळजवळ तीन वर्षे एकत्र राहिले. नेहरूंनी याच भिंतींमध्ये भारताच्या इतिहासावरील आपला विख्यात ग्रंथ लिहिला.

हा मौलानांचा सहावा कारावास होता. आयुष्याचा सुमारे सातवा भाग आपण कैदेत घालविला आहे, असा हिशेब त्यांनी येथे मांडला. पहाटे उठून स्वतःच्या हाताने चहा तयार करावयाचा आणि त्या शांत वेळी लिहावयास बसावयाचे, असा त्यांचा क्रम होता. मित्र मौलाना हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना उद्देशून ते पत्रे लिहीत. ती पाठविण्याची परवानगी नव्हती, म्हणून ती जवळच साठत राहिली. १९४६ मध्ये ‘गुबारे खातिर’ या नावाने ती प्रसिद्ध झाली आणि उर्दू गद्याचा अलंकार ठरली. खोलीत घरटी बांधणाऱ्या चिमण्यांपासून संगीत, इतिहास आणि ईश्वराच्या अस्तित्वापर्यंतचे विषय त्यांत आहेत.

परंतु याच पत्रांमध्ये एक पत्र असे आहे, जे कोरड्या डोळ्यांनी वाचवत नाही. मौलानांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात आजारी होत्या. मुंबईच्या बैठकीस निघताना त्यांनी पतीला निरोप दिला, तीच अखेरची भेट ठरली. १९४३ च्या आरंभी प्रकृती फार बिघडल्याची वार्ता किल्ल्यात आली. तुरुंगाधिकाऱ्याने सुचविले की मौलानांना सरकारला काही कळवावयाचे असेल तर ते आपण तत्काळ पोहोचवू. ज्या राजवटीविरुद्ध उभा देश लढतो आहे, तिच्याकडे स्वतःसाठी सवलत मागणे मौलानांना मान्य झाले नाही. जेवणाच्या वेळी ते नेहमीप्रमाणे सर्वांसोबत बसत, वर्तमानपत्र नेहमीप्रमाणे वाचत. आतली घालमेल कोणाला दिसू नये, यासाठी किती शक्ती खर्च होत होती, हे त्यांनी नंतर त्या पत्रात कबूल केले आहे. ९ एप्रिल १९४३ रोजी बेगम साहेबा अल्लाहला प्यारी झाल्या. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन. किल्ल्याच्या आवारात एक जुनी, अनोळखी कबर होती. त्या दिवसांत मौलानांची नजर वारंवार तिच्याकडे जाई. त्याच वर्षी त्यांची एक बहीणही निवर्तली. सब्र म्हणजे दुःख न होणे नव्हे. दुःखाने काळीज फाटत असतानाही कर्तव्याची रेषा न ओलांडणे म्हणजे सब्र, हे या प्रसंगातून कळते.

हुकलेली संधी

एप्रिल १९४५ मध्ये त्यांना बंगालमधील बांकुरा येथे हलविण्यात आले आणि १५ जूनला मुक्त करण्यात आले. १९४६ मध्ये ब्रिटिश मंत्रिमंडळाचे शिष्टमंडळ भारतात आले. बहुधर्मी, बहुभाषी देश एकत्र कसा ठेवावा, या प्रश्नाला मौलानांचे उत्तर तयार होते. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण एवढेच विषय केंद्राकडे असावेत, उर्वरित अधिकार प्रांतांना द्यावेत. म्हणजे जेथे मुस्लिम बहुसंख्य आहेत तेथे त्यांना बहुमताची भीती राहणार नाही आणि देशही तुटणार नाही. १६ मे १९४६ च्या योजनेत या विचाराची छाया स्पष्ट दिसते. लीग आणि काँग्रेस या दोघांनीही ती प्रथम स्वीकारली. परंतु १० जुलैला मुंबईत नेहरूंनी काँग्रेस घटना समितीत कोणत्याही बंधनाविना जात असल्याचे वक्तव्य केले. लीगने जुलै संपण्यापूर्वी आपली संमती मागे घेतली. १६ ऑगस्टला कलकत्त्यात रक्ताचे पाट वाहिले.

त्याच सुमारास मौलानांनी अध्यक्षपद सोडले होते. त्या नाजूक वेळी बाजूला होणे ही आपली मोठी चूक होती, असे त्यांनी आत्मकथनात प्रांजळपणे नोंदविले. जून १९४७ मध्ये काँग्रेसने फाळणीस मान्यता दिली. ज्या ऐक्यासाठी आयुष्य वेचले, ते डोळ्यांदेखत भंगले.

उजाड झालेल्या दिल्लीत

१९४७ च्या शरद ऋतूत दिल्लीचे मुस्लिम पुराना किल्ला आणि हुमायूनच्या मकबऱ्यातील छावण्यांमध्ये जीव मुठीत धरून बसले होते. ऑक्टोबरमध्ये मौलाना जामा मशिदीत उभे राहिले. कधीकाळी ज्यांनी त्यांची हेटाळणी केली होती, त्यांतील कित्येकजण आता समोर मान खाली घालून बसले होते. मौलानांनी कानउघाडणी केली, परंतु सूड उगविला नाही. पळून जाऊ नका, ही भूमी तुमची आहे, भय सोडा आणि आपले आचरण सुधारा, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. त्या शब्दांनी अनेकांच्या बांधलेल्या गाठोड्या पुन्हा सुटल्या. आज भारतात आपण जे ताठ मानेने राहतो, त्यात या भाषणाचाही वाटा आहे.

स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री म्हणून त्यांनी दहा वर्षांहून अधिक काळ काम केले. विद्यापीठीय शिक्षणासाठी १९४८ मध्ये आणि माध्यमिक शिक्षणासाठी १९५२ मध्ये आयोग नेमले गेले. १८ ऑगस्ट १९५१ रोजी त्यांनी खरगपूरच्या पहिल्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे उद्घाटन केले. १९५३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचा आरंभ झाला. संगीत, साहित्य आणि ललित कला यांच्या राष्ट्रीय अकादमींची स्थापनाही त्यांच्याच कारकिर्दीत झाली. जे स्वतः कधी शाळेत गेले नाहीत, त्यांनी संपूर्ण देशाच्या शाळेचा पाया घातला! १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला आणि पुढे या पट्ट्यात यंत्रांचा गजर सुरू झाला. कारखाने उभारण्यास भांडवल लागते, तसेच शिकलेले हात आणि मेंदूही लागतात, हे त्या पिढीने जाणले होते.

२२ फेब्रुवारी १९५८ रोजी दिल्लीत मौलानांचे निधन झाले. जामा मशीद आणि लाल किल्ला यांच्या मधोमध त्यांची कबर आहे. एका बाजूस श्रद्धेचे प्रतीक, दुसऱ्या बाजूस देशाचे. १९९२ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले. ११ नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिन राष्ट्रीय शिक्षण दिन म्हणून पाळला जातो.

आपल्यासाठी बोध

आपल्या घरांत आजही एक प्रश्न मुले विचारतात, कधी मोठ्याने तर कधी मनातल्या मनात, की आपण आधी मुस्लिम की आधी भारतीय? मौलानांचे जीवन सांगते की हा प्रश्नच चुकीचा मांडलेला आहे. नमाज माणसाला शेजाऱ्यापासून तोडत नाही, आणि देशावरील प्रेम कुरआनपासून दूर नेत नाही. कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये मानवांना वेगवेगळ्या वंशांत आणि कबिल्यांत निर्माण करण्याचे कारण परस्परांची ओळख असे सांगितले आहे, आणि श्रेष्ठत्वाची कसोटी ईशभय ही ठरविली आहे. ज्या कारखान्यात आपल्या शेजारच्या यंत्रावर दुसऱ्या धर्माचा, दुसऱ्या प्रांताचा बांधव उभा असतो, तेथे ही ओळख रोज करून घेता येते. प्रामाणिक काम, गोड वाणी, मुला-मुलींचे शिक्षण आणि अपमान झाला तरी न सुटणारा संयम, हीच मौलानांना खरी श्रद्धांजली ठरेल.

अल्लाह मौलानांच्या प्रमादांना क्षमा करो, त्यांच्या सेवेचा स्वीकार करो आणि आम्हा सर्वांना त्यांच्यासारखे ज्ञान, धैर्य व सब्र प्रदान करो. आमीन.